काटाताई आणि चाळीस मिनिटांचं विमान

माझ्या मुलीचं वजन किती उतरलंय हे मला विमानतळावरच्या बाईंनी सांगितलं. घरात नाही, दवाखान्यात नाही. सामानाच्या पट्ट्याशेजारी, लोखंडी वजनकाट्यासमोर, माझा दंड घट्ट धरून त्यांनी ते सांगितलं. 

त्यांना गावात सगळे काटाताई म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक आहे. "म्हणा की," त्या म्हणतात, "पिनाताई, टाचणीताई असलं काही नाही ना म्हणत?"

आमचा विमानतळ म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल, एक काउंटर आणि एक काच. काचेपलीकडे धावपट्टी आणि धावपट्टीच्या टोकाला खाडी. खाडीच्या पलीकडे मोठं शहर आहे. विद्यापीठ तिथे, मोठं हॉस्पिटल तिथे, कामाच्या सगळ्याच गोष्टी तिथे. विमानाने चाळीस मिनिटं. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही विमानतळ एकाच बोटाखाली झाकले जातात. पण रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घाला, डोंगर चढा, उतरा, मध्ये तराफ्याची वाट बघा. सकाळी निघालेला माणूस दिवे लागल्यावर पोचतो, आणि पोचल्यावर त्या दिवशी कुठल्याच कामाचा उरत नाही.

विमान अगदी लहान. वैमानिकाची मान बसल्या जागेवरून दिसते. आमची धावपट्टी तोकडी आणि इंधन भरायची सोय इथे नाही, म्हणून ते तिकडून येतानाच जाण्यायेण्याचं इंधन पोटात घेऊन येतं. उरलेल्या वजनात माणसं. त्यामुळे आमच्याकडे सामानच नाही, माणसंही मोजून चढवतात. अंगावरच्या कपड्यांसकट, हातातल्या पर्ससकट काट्यावर उभं राहायचं. कित्येकदा विमानात खुर्च्या रिकाम्या असतात आणि तरी माणसं मागे राहतात. कोणी हुज्जत घातली की काटाताई शांतपणे सांगतात, "खुर्चीला वजन नसतं हो. बसणाऱ्याला असतं."

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते त्यांनीच एकदा मला सांगितलं. त्यांचे वडील दगडाच्या खाणीवर ट्रकच्या वजनकाट्यावर होते. आई लवकर गेली, म्हणून ही मुलगी शाळा सुटली की वडिलांच्या केबिनमध्ये. अभ्यास तिथे, डबा तिथे, झोपही तिथेच. पुढे वडिलांचे कान गेले आणि काट्याचं काम हिच्याकडे आलं. खाण बंद पडली त्याच सुमाराला विमानतळ सुरू झाला.

"मुलाखतीत साहेबांनी विचारलं, माणसं मोजता येतील का," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ट्रक मोजलेत, माणूस काय चीज आहे. पण चूक होती ती. ट्रक लाजत नाही."

सुरुवातीला काट्याची तबकडी सगळ्या हॉलला दिसायची. एकदा काटाताई स्वतः विमानाने पलीकडे गेल्या. परत येताना तिकडच्या माणसाने त्यांचं वजन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हमालाला ओरडून सांगितलं. हमालाने "किती?" म्हणून पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या त्यांनी बिस्किटांचा खोका कापला आणि तबकडीभोवती आडोसा केला. तेव्हापासून आकडा फक्त त्यांना दिसतो. नवऱ्याला बायकोचा सांगत नाहीत, बायकोला नवऱ्याचा नाही. पुटपुटत आकडेमोड करतात आणि हातात खुर्चीच्या नंबराची चिठ्ठी देतात. घरी मात्र वडिलांना ऐकू यावं म्हणून ओरडून बोलतात. "घशाचा समतोल राहतो त्यामुळे," हे त्यांचं म्हणणं.

आमची ओळख वाढली ती माझ्या घाबरटपणामुळे. मुलगी पलीकडे शिकायला गेली आणि महिन्यातून एकदा येऊन जाऊन करू लागली. तिला आम्ही घरात साहेब म्हणतो. लहानपणी पाटावर बसून सगळ्यांना हुकूम सोडायची, तेव्हा तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. साहेब विमानात बसल्या की माझा जीव त्या चाळीस मिनिटांत अडकायचा. सोडायला गेले तर काचेला नाक लावून उभी. ती येणार असेल तर घरातून फोन.

"काटाताई, सुटलं का तिकडून?"

"सुटलं. वैमानिक पोटभर जेवलाय असं कळलं, आता काळजी करू नका."

"वारा कसा आहे?"

"समोरून आहे. चाळीसची पन्नास होतील. वारा आहे तो, भूत नाही. ठेवा फोन."

साहेबांचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. ते म्हणायचे, "तू त्या बाईंना फोन करण्यापेक्षा सरळ विमानालाच कर." पण फोन ठेवल्यावर तेही एकदा घड्याळाकडे बघायचेच.

थंडी सुरू झाली तशी साहेब जरा उतरल्यासारख्या दिसू लागल्या. मी विचारलं, की ठरलेलं उत्तर: होस्टेलचं जेवण, प्रोजेक्ट, जागरण. भूक तर चांगली होती. बसली की दोन माणसांचं जेवायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. मला वाटायचं, घरचं मिळालंय, खाऊ दे. सामानाला विमानात मर्यादा कडक, म्हणून मी बाबांचा जुना जाड कोट तिला दिला आणि त्याच्या खिशांत बरण्या भरल्या. तूप, लोणचं, सुकामेवा, गुळाची पुडी. आतल्या खिशात सफरचंदं. पुढच्या महिन्यात ती अजून बारीक दिसली, मी अजून एक बरणी कोंबली. त्याच्या पुढच्या महिन्यात कोटाला आतून एक खिसा शिवला.

"आई, मी माणूस आहे की कपाट?" साहेब म्हणाल्या.

काट्यावर कोटासकट उभ्या राहिल्या, चिठ्ठी मिळाली, गेल्या. हे सगळं अगदी नीट चाललं होतं.

थंडी ओसरली. ती कोट होस्टेलवर ठेवून आली. जाताना पातळ सदरा, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी नेहमीसारखी काट्यासमोर जमिनीवर ओढलेल्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी राहिले. साहेब काट्यावर चढल्या.

काटाताईंनी तबकडीकडे बघितलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"बाळ, उतर. पुन्हा चढ."

"काय झालं? नापास?"

"चढ तर."

पुन्हा बघितलं. मग तिला बाजूला करून त्यांनी कपाटातून लोखंडी मापं काढली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "बिघडला वाटतं." काटाताईंनी मापं उचलली, स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. उतरल्या. आणि पिवळी पट्टी ओलांडून माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी कामाच्या वेळी पट्टीच्या या बाजूला आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"विमान लेट आहे का?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"विमान तिकडून आत्ता सुटलंय. वारा समोरून आहे, पन्नास मिनिटं तरी घेईल. मुलगी आजारी आहे का तुमची?"

"नाही. परीक्षा आहे. जागरण झालंय."

"तो कोट कुठे गेला?"

"थंडी संपली ना."

"कोटात काय असायचं?"

मी सांगितलं. बरण्या, गूळ, सफरचंदं. दर वेळी थोडं जास्त. सांगता सांगता काटाताईंचा चेहरा असा झाला की मी मध्येच थांबले. त्या सामानाच्या पट्ट्यावर टेकल्या, तशाच उठल्या आणि माझा दंड धरला.

"बाई, पाण्याने भरलेली एक बादली कमी झाली आहे तिच्यातून. थंडीच्या आधी होती आणि आज ही. आकडा दर वेळी तोच यायचा, म्हणून मी बघितलंच नाही. तेवढ्या तुमच्या बरण्याच होत्या."

मला ते कळायला वेळ लागला. मी बादली डोळ्यांसमोर आणली. आमच्या बाथरूममधली निळी बादली, काठोकाठ भरलेली. ती उचलताना माझी कंबर दुखते.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हल्ली मुली डाएट करतात हो. उद्या परीक्षा आहे, जाऊ दे तिला. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मी तिला चढवणार नाही."

"तुम्हाला तसा अधिकार आहे?"

"नाही," काटाताई म्हणाल्या. "पण वजनाच्या कागदावर सही माझी लागते, आणि सही झाल्याशिवाय वैमानिक हलत नाही. मागच्या फाटकाबाहेर डॉक्टरांचा दवाखाना आहे. विमान येईपर्यंत दाखवून आणा. काही नसलं तर मला सगळ्यांसमोर शिव्या घाला, मी उभी राहून ऐकेन."

साहेब एव्हाना आमच्याजवळ आल्या होत्या. चेहरा लाल झाला होता. "तुम्ही आईला माझं वजन सांगितलंत?"

"हो."

"तुम्ही कोणाचंच सांगत नाही ना?"

"नाही सांगत."

साहेबांनी रागाने बाटलीचं झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या अख्खी बाटली एका दमात संपवली. मग रिकामी बाटली माझ्याकडे दिली. "भरून दे ना, आई." काटाताई त्या बाटलीकडे बघत होत्या, मी काटाताईंकडे.

आमच्या हॉलमधल्या हमालाने आम्हाला सामानाच्या गाडीवर बसवून मागच्या फाटकापर्यंत नेलं. साहेब कुरकुरत होत्या, "लोक हसतायत." दवाखान्याला जेमतेम चार पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर ती बसली. "दोन मिनिटं," म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकलं. तेव्हा मी पहिल्यांदा तिचा श्वास ऐकला. धावून आल्यासारखा खोल, भराभर. आणि त्याला वास होता, पिकून काळ्या पडलेल्या फळासारखा. कालपासून घरात तो वास मला येत होता. मी फळांची टोपली दोनदा उपसून बघितली होती.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मशीनला लावला. मशीनने आकडा दाखवला नाही. त्यांनी दुसरी पट्टी लावली. पुन्हा तेच.

"मशीन खराब आहे का?" मी विचारलं.

"नाही. साखर इतकी आहे की आकडा मशीनच्या मापाबाहेर गेलाय." त्यांनी सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून शरीर स्वतःलाच जाळतंय. मी सुरुवात करून देतो, पण हिला अतिदक्षता विभाग लागेल. पलीकडे न्या. आत्ता."

"गाडी बोलावते."

"रस्त्याने नको," डॉक्टर म्हणाले. "रस्त्याने वेळ नाही आपल्याकडे."

 साहेब पलंगावर पडून छताकडे बघत होत्या. "म्हणजे परीक्षा नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं, पण शब्द जड येत होते. मी तिच्या बाबांना फोन लावला. ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजमागे होते. मी काय बोलले मला आठवत नाही. ते म्हणाले, "तू ऐकतेस ना? मी रस्त्याने निघतो. तू तिच्याबरोबर जा." तेवढ्यात छपरावरून विमानाचा आवाज गेला, उतरणाऱ्या विमानाचा.

फाटकात काटाताई चाकांची खुर्ची घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना फोनवर कळवलं होतं. कागद काखेत, पेन्सिल दातांत. "आई, सिस्टर आणि पोरगी. सलाइनच्या बाटल्या किती? सगळं काट्यावर ठेवा."

आम्ही सगळ्या काट्यावर चढून उतरलो. साहेबांना मी आणि सिस्टरने दोन्हीकडून धरलं होतं. काटाताईंनी बेरीज केली, पुन्हा केली आणि मान हलवली. जागा होत्या, वजन नव्हतं. मग त्या हॉलच्या मधोमध गेल्या आणि ज्या आवाजात घरी वडिलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "एक माणूस मागे राहायला हवाय. मुलगी सिरीयस आहे."

 कोणी चपलांकडे बघितलं, कोणी काचेकडे. काटाताईंची नजर मात्र फिरत फिरत बाथरूमच्या फरशांचे नमुने विकणाऱ्या एका गृहस्थांवर येऊन थांबली. भरदार माणूस, शेजारी नमुन्यांची पेटी.

"माझ्याकडे का बघताय?" ते म्हणाले. "माझी तिकडे मीटिंग आहे."

"तुम्ही मागे राहिलात तर आई आणि सिस्टर दोघी बसतात."

"म्हणजे मी दोन बायकांचा का?"

"मी काही बोलले नाही. पेटीही आहे तुमची."

त्या गृहस्थांनी चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. साहेबांची मान एका बाजूला कलली होती. ते उठले. "दोष पेटीवर ढकला, ठीक आहे," म्हणाले आणि काउंटरवर चिठ्ठी ठेवली. "रस्त्याने जातो. पाठीचा खुळखुळा होणार माझ्या." जाताना त्यांनी साहेबांच्या डोक्याला हलकेच हात लावला. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.

विमानाच्या शिडीपर्यंत काटाताई खुर्ची ढकलत आल्या. कागदावर सही करून तो वैमानिकाच्या हातात दिला. मी वर चढत होते तेव्हा त्यांनी माझा पदर ओढला.

"मागच्या खेपेला मी तिला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "चेहरा कसा रेखीव दिसतोय, छान बारीक झालीस. मी म्हटलं होतं तिला."

 दार लागलं.

त्या चाळीस मिनिटांबद्दल मी इतकी वर्षं जे जे मनात आणलं होतं, त्यातलं काहीही त्या दिवशी आठवलं नाही. पंख हलले असतील, विमान खड्ड्यात पडल्यासारखं झालं असेल. मी सलाइनची बाटली उंच धरून बसले होते आणि तिच्या छातीकडे बघत होते. तिने डोळे मिटले की सिस्टर तिच्या गालावर टिचक्या मारायच्या, माझं ऐकून म्हणायच्या, "साहेब, झोपायचं नाही. कुठल्या विषयाची परीक्षा?" ती विषयाचं नाव सांगायची. तिसऱ्यांदा तिला ते आठवलं नाही.

वैमानिक मान न वळवता म्हणाले, "ताई, वारा आता पाठीशी आहे. चाळीससुद्धा लागणार नाहीत." मी बाटली दुसऱ्या हातात घेतली. हाताला मुंग्या आल्या होत्या आणि तरी मला वाटत होतं की हे विमान जागच्या जागी उभं आहे, खालची खाडी संपतच नाहीये.

खाली अँब्युलन्स थांबली होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लिफ्टचं दार. कोणीतरी माझ्या हातून बाटली घेतली, तरी माझा हात वरच होता. मोठ्या डॉक्टर बाई संध्याकाळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता धोका टळलाय. पण तुम्ही आज तिला होस्टेलवर जाऊ दिलं असतंत तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी बाकावर बसले ती तिचे बाबा येईपर्यंत उठलेच नाही. ते आले तेव्हा अंगभर धूळ होती. त्यांनी काचेतून तिला बघितलं, मग माझ्या शेजारी बसले आणि माझी पर्स मांडीवर घेऊन तिची चेन उघडत बसले, लावत बसले.

पुढच्या आठवड्यात काटाताई आल्या. सुट्टी काढून, विमानाने. वॉर्डच्या दारात उभ्या राहिल्या, आत यायला तयार होईनात.

"या की," साहेब पलंगावरून म्हणाल्या. "सगळ्या गावाला माझं वजन सांगून झालं असेल तर या."

"गावाला नाही. तुझ्या आईला."

"एकच आहे ते."

काटाताई हसल्या आणि त्यांचे डोळे भरले. त्या स्टुलावर बसल्या.

त्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टर साहेबांना स्वतःच्या हाताने इन्सुलिन घ्यायला शिकवणार होत्या. आयुष्यभर घ्यायचं आहे, जेवणाआधी, रोज. चार दिवस मी त्या वाक्यातून पुढे गेलेच नव्हते. सिस्टरने सगळं समजावून सांगितलं, पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. साहेबांनी सिरिंज हातात घेतली. सुई कातडीजवळ नेली आणि थांबली. पुन्हा नेली, पुन्हा थांबली.

"आई, तू बाहेर थांब."

"मी काहीच बोलत नाहीये."

"तुझा श्वास ऐकू येतो मला. माझा हात हलतो त्याने. जा ना."

मी उठले. काटाताईही उठल्या.

"तुम्ही नाही," साहेब म्हणाल्या. "तुम्ही बसा."

"अगं, मला सुईची भयंकर भीती वाटते."

"मलापण. दोघी मिळून घाबरू."

मी बाहेर आले. सिस्टरने माझ्यामागे दार ओढून घेतलं. व्हरांड्यात एक आजोबा सलाइनचा स्टँड ढकलत फेऱ्या मारत होते. त्यांनी मला विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हटलं, "मुलगी." ते पुढे गेले. आतून काहीच आवाज येत नव्हता. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

मग काटाताईंचा आवाज आला. "झालं? एवढंच?"

"एवढंच. तुमच्या पोटात टोचून दाखवू का?"

"मेले, लांब हो."

आणि त्या दोघी हसायला लागल्या, सिस्टरसुद्धा. कोणी मला आत बोलावलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि कोणी बोलावण्याची वाट बघत राहिले.